जगातले कच्चे बॅकहँड आणि खासनीस

परवा भाच्याकडे गेले होते, तर टीव्हीवर टेनिस लागलं होतं. सामना सुरू व्हायच्या आधी पडद्यावर दोन रकाने आले. एका बाजूला त्या खेळाडूच्या जमेच्या बाजू, दुसऱ्या बाजूला कच्च्या. सर्व्हिस, फोरहँड, पायांची चपळाई. मग दुसरी सर्व्हिस, नेटजवळचा खेळ, डोकं थंड ठेवणं. सुटाबुटातला कोणीतरी माजी खेळाडू ते समजावून सांगत होता. भाचा म्हणाला, "बघ मावशी, काय अभ्यास असतो यांचा!" मी म्हटलं, कसला अभ्यास आलाय? हेच काम आमचे खासनीस घरात बनियनवर बसून, पायात सपाता घालून करायचे, आणि त्यांना एकच रकाना पुरायचा.

भाच्याला खासनीस आठवणं शक्य नाही. खासनीस निवृत्त व्हायच्या सुमारास तो पाळण्यात होता. माझी बहीण अंबरनाथला कंपनीच्या कॉलनीत राहायची आणि खासनीस तिच्या वरच्या मजल्यावर. आमची कंपनी व्हॉल्व्ह बनवायची, म्हणजे पाण्याच्या आणि वाफेच्या पाइपांना लागतात त्या लोखंडी झडपा. मी तिथे पर्सोनेलला स्टेनो होते, बदलापूरहून कंपनीच्या बसने यायचे. खासनीस इन्स्पेक्शनचे मुख्य. तयार झालेला माल त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय गेटबाहेर पडत नसे, आणि त्यांच्या टेबलावरून माल सहसा जात नसे.

माणूस उंच, हाडकुळा, टाय घट्ट बांधलेली. खिशात एक बारीक टॉर्च आणि भिंग. टॉर्च व्हॉल्व्हच्या पोटात मारून चीर शोधायला; पण एकदा सवय लागली की लागली. कॅन्टीनमध्ये ताट आलं की टॉर्च डाळीवर. केळं सोललं की आधी टॉर्च. माझ्या बहिणीच्या मुलाच्या बारशाला आले, पाळण्यात वाकून पाहिलं, आम्ही सगळ्या जणी आता काहीतरी गोड बोलतील म्हणून उभ्या, तर म्हणाले, "डावा कान किंचित खाली आहे." बहीण चार दिवस मुलाचे कान पाहत होती. कान अगदी सरळ होते, अजूनही आहेत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माझं खातं दोष शोधायचं. गुण सांगायला सेल्स डिपार्टमेंट आहे." हे वाक्य ते पहिल्यांदा बोलले असतील तेव्हा कदाचित विनोद असेल. पुढे तो त्यांचा स्वभाव झाला, आणि स्वभावाचा त्यांना भलताच अभिमान झाला. एखाद्याला पाठीला कुबड असावं आणि त्याने ते मिरवावं, तसा प्रकार.

टेनिस हे त्यांचं दुसरं कारखान्यासारखं खातं. विम्बल्डनचे शेवटचे सामने टीव्हीवर दिसू लागले तसं त्यांना जगातले सगळे वरच्या नंबरचे खेळाडू आयतेच टेबलावर मिळाले. कुणाचं नाव मात्र ते कधी घेत नसत. नाव घेतलं की माणूस उगाच मोठा होतो, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकाला त्यांनी दोषावरून नाव ठेवलेलं. एक धिप्पाड गडी होता, त्याची सर्व्हिस समोरच्याला दिसायच्या आत निघून जायची. तो 'एककलमी'. "पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली की याच्याकडे उरतं काय? दुसरी बघा, आजाऱ्याला पेज वाढतात तशी टाकतो." एक जण मागच्या रेषेवर उभा राहून तासन्‌तास चेंडू परतवायचा, स्वतः चुकायचा नाही, समोरचा कंटाळून चुकायचा. तो 'वॉचमन'. "गेट सोडायला तयार नाही. एक चेंडू आखूड टाकून नेटवर बोलवा, बावचळतो की नाही बघा." एक डावखुरा होता, त्याच्या मनगटात अशी काही जादू होती की चेंडू जाळं ओलांडून जागच्या जागी बसायचा. पण हा गडी पंचांशी भांडायचा. त्याचं नाव 'सासू'. आणखी एक होता, नेटवर अंग झोकून देऊन चेंडू अडवायचा, कपडे मातीने भरायचे, लोक वेडे व्हायचे. तो 'लोटांगण'. "पाय वेळेवर पोचले असते तर लोटांगण घालावं लागलं नसतं."

पुढे नव्वदीत दोन्ही हातांनी बॅकहँड मारणारी पोरं पुढे आली. जग म्हणत होतं, काय ताकद, काय अचूकपणा! खासनीस म्हणाले, "एका हाताला भार पेलत नाही म्हणून दुसरा लावतात. नळाची बादली उचलतात तशी."

खोटं काही नसायचं त्यात, हे मला कबूल आहे. त्या धिप्पाड गड्याची दुसरी सर्व्हिस खरोखरच मऊ होती. वॉचमन नेटवर खरोखर बावचळायचा. पण या माणसाच्या तोंडून त्याच गड्याची पहिली सर्व्हिस कशी होती, हे इतक्या वर्षांत आम्हाला कळलं नाही. एकदा माझे मेहुणे न राहवून म्हणाले, "साहेब, हे सगळेच एवढे कच्चे, मग जिंकतात कसे?"

"समोरचा जास्त कच्चा असतो म्हणून," खासनीस म्हणाले आणि चहात टॉर्च मारला.

तो टीव्ही त्यांनी घेतला त्याचीही कथा आहे. उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडे गेले. सोबत मालतीताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि मालतीताईंना सोबत म्हणून मी. दुकानदार बिचारा गोड माणूस, थंड मागवलं, एकेक सेट लावून दाखवू लागला. याच्यात लाल जास्त आहे. याच्यात माणसं लांबट दिसतात. याचं बटण ढिलं आहे. याच्या काचेत कोपऱ्यात बुडबुडा आहे. भिंग काढून तो त्याला दाखवला. दुकानातले होते नव्हते ते सगळे सेट पाहून झाले. दुकानदाराने रुमालाने मान पुसली, हात जोडले आणि म्हणाला, "साईं, आप रेडियो ले जाओ. उसमें कुछ दिखता ही नहीं."

मी आणि मालतीताई हसत सुटलो. खासनीसांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. शेवटी बुडबुड्याचाच सेट घेतला. का, तर "याचा दोष आपल्याला माहीत आहे. बाकीच्यांचे उद्या निघतील." हे त्यांचं दुसरं तत्त्व. दोष कळला की वस्तू आपली. हे तत्त्व पुढे किती महाग पडणार होतं, ते त्या दिवशी काचेच्या बुडबुड्याशी उभं राहून कुणाला सुचणार?

मालतीताई या माणसाजवळ कशा राहिल्या हे मला कोडं होतं. एकदा मी विचारलंच. त्या पोहे परतत होत्या. म्हणाल्या, "हे बघ, मीठ कमी झालं तर ते सांगतात. जास्त झालं तर सांगतात. काही न बोलता खाल्लं की मी समजते, आज छान झालंय. सवयीने कळतं गं सगळं." मी म्हटलं, आणि तुम्हाला छान दिसता असं कधी म्हणाले? तर हसून म्हणाल्या, "लग्नानंतर दोन वेळा काहीच बोलले नव्हते." मला त्यांच्या जागी मी दिसले आणि पोहे कढईसकट कुणाच्या टाळूवर ओतावेत असं वाटलं.

आता भोईर. हिराजी भोईर हा खासनीसांच्याच खात्यात सुपरवायझर होता. बुवापाड्याच्या पलीकडे त्याचं घर. बापाची जमीन एमआयडीसीत गेली, तिच्या बदल्यात याला नोकरी लागली, आणि आपण कंपनीवर उपकार केले आहेत अशा थाटात तो कंपनीत वावरायचा. एका अर्थी ते खरंही होतं. गळ्यात चेन, केसाला तेल, आवाज शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. उशिरा यायचा. गावात हळद असली की दोन दिवस गायब. आला की सगळ्यांना माशांच्या कालवणाची वर्णनं. पण व्हॉल्व्हमध्ये पाणी दाबाने भरून तपासतात, त्या बाकावर त्याचा हात असा बसलेला होता की वाफेची कामं करणारी मोठी गिऱ्हाइकं "भोईरनेच तपासलंय ना?" असं विचारायची. मी ती पत्रं टाइप केलेली आहेत.

आणि तो टेनिस खेळायचा. ऑफिसर्स क्लबमध्ये, म्हणजे एक कॅरमबोर्ड, एक पंखा आणि मागे एक सिमेंटचं कोर्ट, तिथे सुपरवायझरला मज्जाव होता. पण खासनीसांना जोडीदार हवा होता, आणि एकाही ऑफिसरला त्यांच्या बाजूला उभं राहून तासभर स्वतःचे दोष ऐकायचे नव्हते. कोर्टावर चुन्याच्या रेषा मारायला आलेला भोईर एकदा रॅकेट उचलून चेंडू मारू लागला. खासनीसांनी पाहिलं आणि त्याला जोडीदार केलं. लोकांना वाटलं, काय मोठं मन! मोठं मन कसलं, भोईरच्या तोंडावर काहीही बोलता येत होतं, एवढंच.

भोईरला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याच्याकडे फोरहँड तेवढा होता. चेंडू बॅकहँडला आला की तो धावत वळसा घालून जायचा आणि फोरहँडनेच मारायचा. सगळं कोर्ट एकटा झाडायचा. खासनीस गुडघा दुखतो म्हणून नेटजवळ उभे. हाताशी चेंडू आला तर रॅकेट लावायची, नाही तर निरीक्षण. भोईरने गुण मिळवला की हे मागे वळून म्हणायचे, "खांदा आधीच उघडलास." पुन्हा मिळवला की, "नशीब. रेषेला लागला." भोईर घाम पुसत म्हणायचा, "व्हय साहेब, उगडला खरा." आणि पुढची सर्व्हिस घ्यायला जायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे. निदान तसं दिसत नसे.

जुलैत फायनलच्या दिवशी संध्याकाळी खासनीसांकडे आम्ही सगळे जमायचो. टाळ्या वाजवायला बंदी होती. भोईर दाराजवळच्या स्टुलावर बसायचा. एका वर्षी त्या डावखुऱ्याने पळता पळता, पाठ फिरलेली असताना, असा काही चेंडू मारला की तो समोरच्याच्या बाजूने सरपटत रेषेवर जाऊन पडला. भोईर स्टुलावरून उठलाच. "आयला, काय मारलान!"

खासनीसांनी त्याच्याकडे पाहिलं. "काय मारलं? समोरचा कुठे उभा होता पाहिलंस का? रिकाम्या जागेत कुणीही मारेल."

"साहेब, पन रिकामी जागा त्यालाच दिसली ना?"

खोलीत हसू पिकलं. खासनीस काही बोलले नाहीत. आज वाटतं, मालतीताईंच्या हिशेबाने ते काही बोलले नाहीत म्हणजे त्यांना ते उत्तर आवडलं असणार. पण हे ओळखायला माणसाने त्यांच्याशी लग्न करायला हवं होतं, आणि तेवढी हौस एकीलाच होती.

एका वर्षी एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या दुहेरी सामन्यांत या जोडीने कप मिळवला. म्हणजे भोईरने मिळवला, खासनीस तिथे उपस्थित होते. बक्षीस समारंभाला खासनीसांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकपाशी गेले, कप हातात, शेजारी भोईर नव्या शर्टात, त्याची बायको-पोरं समोर खुर्च्यांवर. खासनीस म्हणाले, "भोईरला बॅकहँड नाही." आणि थांबले. आम्हाला वाटलं आता पुढे 'तरीसुद्धा' येईल. पुढे आलं ते असं : "पुढच्या वर्षी समोरच्यांच्या हे लक्षात येईल. धन्यवाद." लोक हसले. भोईर सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याची बायको हसली नाही. तिने मांडीवरच्या पोरीची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.

अशीच वर्षं गेली असती तर मी खासनीसांना एक विक्षिप्त म्हातारा म्हणून विसरून गेले असते. पण नव्वदीच्या मध्याला कंपनी विकली गेली. नवे मालक मुंबईचे. त्यांनी मेहरा नावाचा तरुण मॅनेजर पाठवला, गोरागोमटा, नम्र, प्रत्येकाला 'सर' म्हणणारा. अशा माणसाची भीती वाटावी हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं. त्याने प्रत्येक खात्यातली माणसं कमी करायची ठरवली. खातेप्रमुखाला बोलवायचं, एकेका माणसाबद्दल विचारायचं, आणि ठरवायचं की हा राहणार की स्वेच्छानिवृत्ती घेणार. स्वेच्छा कुणाची, ते विचारायचं नाही. त्या बैठकांना मी शॉर्टहँड घ्यायला बसायचे.

इन्स्पेक्शनमध्ये दोन सुपरवायझर होते, ठेवायचा एक. दुसरा डिप्लोमा झालेला, इंग्रजी बोलणारा, वेळेवर येणारा. भोईरचं रजेचं रेकॉर्ड मेहराच्या टेबलावर होतंच. भोईरला पंचेचाळिशी उलटलेली, थोरल्या मुलीचं लग्न ठरत आलेलं, जमीन तर केव्हाच गेलेली. आता सगळं खासनीस काय बोलतात त्यावर होतं, आणि हे सगळ्या शेडला माहीत होतं.

भोईर मात्र बेफिकीर. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाई, मना काय टेन्शन नाय. साहेब बोलतील माज्यासाठी. इतकी वर्सं पार्टनर हाय मी त्यांचा."

मी म्हटलं, "भोईर, साहेबांना एकदा जाऊन सांग तरी."

"सांगाचं काय त्यात? त्यांना म्हाईत नाय का?"

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी खासनीस स्वतः माझ्याकडे आले. इकडे तिकडे पाहिलं, टायची गाठ चाचपली. मला वाटलं, एखाद्या पत्रात चूक काढायला आले असणार. तर हळूच म्हणाले, "मिस कर्णिक, कुणाची शिफारस करताना... सुरुवात कशी करतात?"

माझं लग्न होऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. मिस म्हणणं त्यांनी सोडलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, सुरुवात-बिरुवात काही नसते. माणूस चांगला आहे, कामाचा आहे, म्हणायचं."

"हं. पण ते फार ढोबळ होतं."

"ढोबळच लागतं साहेब तिथे."

त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं. जाता जाता माझ्या टाइपरायटरवरच्या कागदाकडे पाहून म्हणाले, "समास उजवीकडे कमी सोडलाय." मला त्या क्षणी तो टाइपरायटर उचलून त्यांच्या हातात द्यावासा वाटला.

बैठकीत मेहराने त्यांना बसायला खुर्ची ओढून दिली. चहा आला. खासनीसांनी टॉर्च काढला नाही, हे मी पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सर, भोईर के बारे में बताइए," मेहरा म्हणाला. "वीक पॉइंट्स मेरे पास हैं. मुझे सिर्फ उनके स्ट्राँग पॉइंट्स चाहिए. एक-दो भी चलेंगे."

इतकं सोपं करून दिलं होतं त्याने. शाळेतल्या पोरानेही वेळ मारून नेली असती. खासनीसांनी घसा साफ केला.

"भोईर प्रामाणिक आहे," ते म्हणाले. मी लिहिलं. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे, कामाच्या बाबतीत. वेळेच्या बाबतीत असं म्हणता येणार नाही."

"ओके."

"त्याचा हात फार चांगला आहे. पण रीडिंग लिहून ठेवत नाही. तोंडी सांगतो. अक्षर खराब."

"सर," मेहरा अगदी गोड आवाजात म्हणाला, "वो 'पण' के बाद वाला छोड़ दीजिए. सिर्फ पहले वाला."

खासनीसांनी मान डोलावली. खरोखर प्रयत्न करत होते, हे मला समोर दिसत होतं. ओठ हलायचे, थांबायचे. घाम फुटला होता. वर्षानुवर्षं ज्याने जगातल्या अव्वल खेळाडूंचे बॅकहँड, दुसऱ्या सर्व्हिसेस, रागलोभ चिमटीत धरून दाखवले, त्याला आपल्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाबद्दल एक सरळ वाक्य बोलता येईना. 'पण'च्या अलीकडे थांबायची त्यांना सवयच नव्हती.

शेवटी ते ताठ बसले. त्यांना काहीतरी सापडलं होतं. चेहरा उजळला. म्हणाले, "मेहरा साहेब, एक सांगतो. माझ्या खात्यात हा एकच माणूस असा आहे, ज्याचे सगळे दोष मला माहीत आहेत."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की मला उल्हासनगरचं ते दुकान आणि काचेतला बुडबुडा आठवला. त्यांच्या कोशात याहून मोठी स्तुती नव्हती. असं ते कुणाबद्दल बोलले नसते, मालतीताईंबद्दलसुद्धा नाही. पण समोर मालतीताई बसलेल्या नव्हत्या. मेहराने पेनाचं टोपण लावलं.

"सगळे दोष," तो मराठीत म्हणाला. "थँक यू सर. बहुत साफ बताया आपने."

खासनीस समाधानाने उठले. दारापाशी माझ्याकडे पाहून किंचित मान झुकवली, जसं काही मी सांगितलं होतं त्यापेक्षा त्यांनी किती चांगलं निभावलं. मी वही मिटली. स्टेनोने बैठकीत बोलायचं नसतं, आणि बोलले असते तरी मेहराने मलाही 'थँक यू' म्हटलं असतं.

आठवडाभरात भोईरचा हिशेब झाला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी बस सुटायची होती, मी गेटपाशी उभी होते. भोईर पिशवी घेऊन बाहेर आला. खासनीस घाईघाईने त्याच्यामागे आले, टाय सैल झालेली. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"भोईर, मी सांगितलं होतं त्यांना. स्पष्ट सांगितलं होतं."

"काय सांगितलंत, साहेब?"

खासनीसांनी ते वाक्य त्याला शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं. वर म्हणाले, "असं मी आजपर्यंत कुणाबद्दल बोललो नाही."

भोईरने पिशवी खाली ठेवली. नेहमीचा आवाज नव्हता त्याचा. "साहेब, नुसतं बोलाचं होतं, भोईर चांगला हाय. येवडंच."

"ते काय, कोणीही म्हटलं असतं."

"पन कोनी बोलला नाय ना, साहेब."

पिशवी खांद्यावर टाकून तो बुवापाड्याच्या रस्त्याला लागला. बसमध्ये चढताना मी वळून पाहिलं. खासनीस गेटपाशी तसेच उभे होते आणि वॉचमन त्यांना बाजूला व्हायला सांगत होता, कारण मालाचा ट्रक बाहेर काढायचा होता.

भोईर पुन्हा कोर्टावर आला नाही. भोईरच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. नोकरी गेलेल्या घरात सोयरीक नको, असं तिकडचे म्हणाले. पुढे वर्षभराने दुसरीकडे जमलं. खासनीसांनी नवा जोडीदार शोधला, मिळाला नाही. काही दिवस ते एकटेच क्लबच्या भिंतीवर चेंडू मारत, आणि भिंतीच्याही नावाने काहीतरी पुटपुटत, असं बहीण सांगायची. मग तेही निवृत्त झाले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पुढे काही वर्षांनी, एका महाशिवरात्रीला, शिवमंदिराच्या जत्रेत. ऊन चांगलंच होतं. भोईरने तिथे उसाच्या रसाचा चरक लावला होता. तो जत्रांमधून चरक लावतो हे मला ऐकून माहीत होतं. केस पिकले होते, चेन दिसत नव्हती, आवाज तोच. समोर गर्दी. त्या गर्दीत मला खासनीस दिसले. टाय नव्हती, सदरा विजारीबाहेर. नंबर आला तसे ते पुढे सरकले.

भोईरने त्यांना पाहिलं. दोन्ही हात क्षणभर चरकावर थांबले. मग त्याने एक मोठा ग्लास निवडला, फडक्याने पुसला, रस गाळून भरला, बर्फ टाकला, लिंबू पिळलं आणि ग्लास त्यांच्या हातात दिला. मागचे लोक ओरडत होते, त्यांच्याकडे लक्ष न देता तो तसाच समोर उभा राहिला.

खासनीसांनी रस सावकाश, थेंबन्‌थेंब संपवला. ग्लास खाली ठेवला.

"काय साहेब?" भोईर म्हणाला. "कसा हाय?"

खासनीसांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मी दहा पावलांवर उभी होते, हातात नारळ, आणि मनातल्या मनात ओरडत होते, म्हण की रे बाबा, चांगला आहे म्हण, दोनच शब्द आहेत.

"बर्फ जास्त आहे," खासनीस म्हणाले.

भोईरने मान हलवली. "हां," म्हणाला, ग्लास उचलून बादलीत बुडवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. खासनीस बाजूला झाले, पण गेले नाहीत. चरकाच्या कडेला उभे राहून काहीतरी जुळवत राहिले, ओठ हलत होते. तेवढ्यात दर्शनाच्या रांगेचा रेटा आला आणि मी पुढे ढकलले गेले.